टळलेल्या मृत्यूंचा हिशेब

साथीच्या काळात आरोग्याधिकाऱ्याचा जमाखर्च मोठा विषम असतो. त्याची चूक तत्काळ नोंदली जाते. त्याच्या निर्णयामुळे जे मृत्यू टळले, त्यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

वऱ्हाडाने हे २०२१ च्या फेब्रुवारीत अनुभवले. राज्यात साथ ओसरल्याची भावना पसरली असतानाच अमरावती व अकोला जिल्ह्यांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी आली. हातावर पोट असणाऱ्यांचे नुकसान खरेच होते आणि ते सर्वांना दिसत होते. वाचलेले जीव दाखविणार कसे?

या विषमतेची सर्वांत मोठी किंमत वाल्डेमार हाफकिन यांनी मोजली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन निलंबित झाले. दोष लशीचा नव्हता. तेथे बाटली उघडताना हयगय झाली होती. १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका पुसला गेला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव तेवढे मिळाले.

चौकशी नको होती, असे कोणी म्हणणार नाही. त्या १९ कुटुंबांना उत्तर मिळणे आवश्यकच होते. परंतु निष्कर्षाआधी शिक्षा झाली, की इतर अधिकारी एकच धडा घेतात: निर्णय न घेणे हेच सर्वांत सुरक्षित!

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. जानेवारी २०२० मध्ये नागपूरचे महापालिका आयुक्त झालेले तुकाराम मुंढे यांची बदली साथ भरात असताना ऑगस्टमध्येच झाली. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद असू शकतात. पण बदली हे त्या मतभेदांचे उत्तर नव्हे. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा मानला आहे. साथीच्या काळात मुदतपूर्व बदलीची कारणे जाहीर करण्याचे बंधन घालावे, आणि तक्रारींची चौकशी तज्ज्ञांकडून ठरावीक मुदतीत व्हावी.

अधिकाऱ्याला अभय देण्यासाठी हे नको आहे. पुढल्या साथीत वेळीच निर्णय घेणारा माणूस आपल्याला हवा असेल, तर त्याची ही किमान किंमत आहे.