बाह्या निघणारं जाकीट: घ्यावं की नाही?

दोस्तांनो, थंडी पडली की गडांवर, डोंगरांवर भटकायचे बेत सुरू होतात आणि त्याबरोबर एक हट्टही: ‘आई, मला तसलं जाकीट हवं!’ तसलं म्हणजे चेन उघडून बाह्या काढता येणारं. बाह्या लावल्या की जाकीट, काढल्या की बंडी. एकाच्या पैशात दोन कपडे! पण खरंच दोन होतात का, ते आधी पाहू या.

एक लक्षात ठेवा. जाकीट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या अंगाची. जाकीट फक्त ती अडवून धरतं. समजा, तुम्ही कळसूबाईला निघालात. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापेक्षा माथ्यावर सुमारे दहा अंशांचा फरक! वर भणाणता वारा. चढताना मात्र घामाच्या धारा लागतात, आणि गंमत अशी, की हाच घाम पुढे वैरी होतो. ओले कपडे वाऱ्यात अंगातली ऊब भराभर पळवतात. म्हणून चढताना बाह्या काढायच्या, माथ्यावर पोचताच लावायच्या. या जाकिटाचा खरा उपयोग तो हाच.

आता दुकानातली परीक्षा. बाही स्वतः काढून लावून पाहा. तिथे चेन अडली, तर गारठलेल्या बोटांनी ती मुळीच लागणार नाही. मग चेनीची जागा तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली, तर वाराही शिरणार! चेनीच्या आत कापडाची पट्टी हवीच. पाठीवर सॅक अडकवा. पट्ट्याखाली चेन खांद्याला रुतते का? काढलेल्या बाह्या कुठे ठेवणार, तेही ठरवा. एक हरवली, की उरली नुसती बंडी!

या परीक्षेत जाकीट पास झालं आणि तुम्ही नेहमी भटकणार असाल, तर आई-बाबांना जरूर विचारा. वर्षातून एकदाच सहल असेल, तर घरचा लोकरी स्वेटर आणि वर विंडचीटर घाला. चढताना दोन्ही सॅकमध्ये, माथ्यावर दोन्ही अंगावर. काम तेच, आणि पैसे शिल्लक! काय, पटतंय ना?