अपडेटनंतरही ‘कर्नाळा’ नीट दिसतं, ते कसं?

पनवेलजवळचं कर्नाळा पक्षी अभयारण्य मोबाईलवर शोधा. फोनच्या आत हे नाव क, र, हलन्त, न, काना, ळ, काना अशा सात चिन्हांत साठवलेलं असतं. साठवताना र आधी येतो. पडद्यावर मात्र तो रफार होऊन ‘ना’च्या डोक्यावर बसतो. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही मांडणी ‘हार्फबझ’ नावाचं सॉफ्टवेअर करतं.

त्याचा कोड सतत बदलतो. तमिळसाठी केलेल्या दुरुस्तीनं मराठीचा रफार सरकला तर? दर वेळी माणसानं सगळ्या लिप्या तपासणं अशक्यच. म्हणून नमुन्याचे शब्द आणि त्यांचं अपेक्षित रूप आधीच नोंदवून ठेवतात. कोड बदलला की संगणक ते शब्द पुन्हा मांडतो आणि नोंदीशी ताडतो. फरक निघाला की चाचणी नापास. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात.

यादीतून निसटलेलं अक्षर महागात पडू शकतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षरामुळे आयफोनवरची ॲप्स बंद पडत होती. ॲपलला त्यासाठी आयओएस ११.२.६ हे अपडेट काढावं लागलं.

मराठीचा धोका याहून गुपचूप आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा अर्धा ऱ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साध्या र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दोन्ही दिसतात सारखेच, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. समजा, एखाद्या पोर्टलच्या नव्या आवृत्तीत प्रोग्रामरनं ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशी एक ओळ घातली. दुसऱ्या प्रकारे टाइप केलेल्या ‘दऱ्या’चा लगेच ‘दर्या’ होईल, ‘गोऱ्हे’चं ‘गोर्हे’. पोर्टल बंद पडणार नाही, सूचनाही येणार नाही. इंग्रजी-हिंदी नमुन्यांच्या चाचण्या पास होतील. आणि एखाद्या अर्जदाराचं नाव दोन कागदपत्रांवर जुळणार नाही.

चाचणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. वागणूक आधीसारखीच आहे का, एवढंच ती सांगते. अपेक्षित रूपच चुकीचं नोंदवलं असेल, तर ती चूक इमानेइतबारे जपली जाते. म्हणून यादी मराठी वाचणाऱ्यानं करायला हवी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेवर भरपूर बोललं गेलं; अर्ध्या ऱ सारख्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी त्या उत्साहात कुणाला आठवणार!

हार्फबझचा कोड खुला असल्यानं त्याच्या चाचण्यांसाठी कुणीही शब्द सुचवू शकतं. सरकारी पोर्टलच्या बाबतीत नागरिकाच्या हाती ती सोय नसते. तिथे सॉफ्टवेअरच्या कंत्राटातच अट हवी: प्रत्येक बदलानंतर कर्नाळा, कऱ्हाड, चऱ्होली, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही नावं, अर्धा ऱ दोन्ही प्रकारे लिहून, साठवून, शोधून आणि छापून दाखवा.