घासाघीस

व्हिएतनामी कवी न्गुयेन दू (१७६५–१८२०) यांच्या ‘किएऊची कथा’ या ३,२५४ ओळींच्या काव्यात एका रेशीमविक्याच्या खोट्या आरोपामुळे नायिकेचे वडील व भाऊ पकडले जातात. त्यांच्या सुटकेसाठी किएऊ स्वतःला विकते. मध्यस्थ बाई हजार सांगते. घासाघीस होऊन सौदा चारशेहून थोड्या अधिक सोन्यात ठरतो. तारणाचे मूल्य ठरवण्यात माझी नोकरी गेली, तरी येथे मी पुस्तक मिटले.

पण याहून जड त्याग पुढेच आहे. धाकट्या बहिणीला बसवून किएऊ तिला वंदन करते आणि आपल्या प्रियकराशी विवाह करण्याची विनवणी करते. पंधरा वर्षांनी ती परतते, तेव्हा तीच बहीण तो संसार परत देऊ करते. किएऊ केवळ स्नेह स्वीकारते.

आमच्या अक्कांनी शाळा सोडली, त्याच वर्षी माझी फी भरली गेली. परत काही देऊ का, हे मी अद्याप विचारलेले नाही.