पॅलडिनची शपथ : नियम की तत्त्व?

पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आमची पोरं सुट्टीत खामगाव, चिखली, मेहकरला परततात तेव्हा हल्ली सोबत एक खेळ आणतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन गोष्ट पुढं नेतो, आणि पात्राचं धाडस जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जुने कार्यकर्ते विचारतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या पोरानं देवाची शपथ वाहणाऱ्या योद्ध्याचं पात्र का घ्यावं?

हा आक्षेप आम्हाला पटत नाही. सत्यशोधक जलशात भटाचं सोंग घेणारा कलावंत भट झाला नाही. उलट भटाचं ढोंग लोकांना कळलं ते त्या सोंगामुळंच. सोंग आणि श्रद्धा यांतला फरक आपल्या चळवळीला कुणी शिकवायची गरज नाही.

खरा प्रश्न दुसराच आहे. शपथ कुणाची, आणि ती मोडली की नाही हे ठरवणार कोण?

या खेळात शपथेनं बांधलेल्या योद्ध्याला पॅलडिन म्हणतात. अमेरिकेत 1974 साली हा खेळ आला, पुढच्याच वर्षी पॅलडिन आला. 1978 च्या नियमपुस्तकात त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्या पोरांनी जरूर वाचावं. पॅलडिन फक्त मानववंशाचा खेळाडूच होऊ शकतो. बुटक्यांच्या वंशातला, कितीही शूर आणि सच्चा असला, तरी त्याला तो अधिकार नाही. जन्मानं अपात्र! शंबुकाची गोष्ट ठाऊक असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पॅलडिनकडून शिस्तीबाहेरचं कृत्य घडलं तर त्यानं सातव्या किंवा त्यावरच्या पायरीच्या पुरोहिताकडे जायचं, पाप कबूल करायचं आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर पॅलडिनपण कायमचं गेलं, परतीची वाट नाही. अधिकारभेद, पुरोहित, प्रायश्चित्त, बहिष्कार. मनुस्मृती न वाचलेल्या माणसांनीही तोच सांगाडा उभा केला, कारण धर्म म्हणजे नियमांची यादी असं एकदा मानलं की यादी सांभाळणारा पुरोहित लागतोच.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. नियम सांगतो अमुक कर, आणि माणूस यंत्रासारखा करतो. तत्त्व विचार करायला लावतं. तत्त्वानुसार केलेली कृती कदाचित चुकेल, पण ती जाणीवपूर्वक केलेली असते, म्हणून तिची जबाबदारी माणसाची असते. पुढं 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्येही त्यांनी दाखवलं की बुद्धांनी अहिंसा नियम म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून सांगितली. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला.

गंमत अशी की खेळही तिकडंच सरकला. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत वंशाची अट गेली. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलडिनचं बळ देवाइतकंच न्यायाशी असलेल्या त्याच्या बांधिलकीतून येतं असं सांगितलं गेलं. म्हणजे देव न मानणारा पॅलडिनही खेळता येतो. नवस हा सौदा असतो. अशी शपथ सौदा नसते.

तरीही टेबलावर अजून तेच चालतं. सूत्रधार मुद्दाम पेच टाकतो : ओलीस वाचवायचे तर खोटं बोल, खरं बोललास तर ओलीस मेले. पोरगं खोटं बोललं की लगेच, "तुझी शपथ मोडली, शक्ती गेली!" हा सूत्रधार नाही, सातव्या पायरीचा पुरोहित आहे.

आणि तो टेबलापुरता राहत नाही, आमच्यातही बसतो. आमच्या जिल्ह्यात सैलानी आहे. होळीच्या सुमाराला तिथं नारळांची होळी पेटते, 'बाधा' उतरवायला मनोरुग्ण आणले जातात. सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात, आपलीही येतात. पोराच्या आजारानं खचलेली एखादी आई तिथं गेली की वस्तीतला कार्यकर्ता फैसला देऊन मोकळा होतो : ही बौद्धच नाही. तिला सैलानीला जाऊ नको म्हणायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञाही त्याच बावीसमध्ये आहे. त्या प्रतिज्ञेनं बांधलेला माणूस फैसला देत नाही, दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात रांगेत उभा राहतो. तत्त्व म्हणजे सवलत, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती रांग एकदा धरून पाहावी. यादीवर खूण करणं त्याहून फार सोपं.

म्हणून खेळणाऱ्या पोरांना आमचं एवढंच सांगणं आहे. पात्राची शपथ पुस्तकातून उतरवू नका, आपल्या शब्दांत लिहा आणि खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवा. ती मोडली का, यावर टेबलावर वाद घाला. निकाल एकट्या सूत्रधारावर सोडू नका. आणि पुढच्या वेळी पॅलडिन घ्याल तेव्हा बुटक्यांच्या वंशातला घ्या.