झिजलेला गुडघा आणि लेसरचा मोह

गुडघ्याची शस्त्रक्रिया लेसरने, बिनटाक्याची, घरी चालत जा! अशा जाहिराती वाचून साठीपुढची माणसे मोठ्या आशेने दवाखाने गाठतात. लेसरवाल्यांचे म्हणणे असे की, प्रकाशाची सुरी पोलादी सुरीपेक्षा नेमकी चालते, छेद लहान पडतो, रक्त कमी जाते. मग सांधा उघडून धातू बसवायचा कशाला?

सुरी नेमकी आहे, हे मान्य. होल्मियम लेसर मुतखडा उत्तम फोडतो. पण मुतखडा शरीराला नकोच असतो, तो फुटला की काम झाले. झिजलेल्या गुडघ्यात जी हवी ती गादीच उरलेली नसते. हाडांच्या टोकांवरच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती गेली की धड भरून येत नाही. लेसर तिचे सुटलेले धागे जाळून साफ करील. नवी कूर्चा तो कुठून आणणार?

साफसफाईने तरी आराम पडतो का? अमेरिकेत ह्यूस्टनला 180 रुग्णांवर हे तपासले गेले. निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला, काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले. दोन वर्षांनंतरही खरी शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती नुसते छेद दिलेल्यांपेक्षा बरी नव्हती. 2008 मध्ये कॅनडातल्या अभ्यासातही व्यायाम आणि औषधांना दुर्बिणीची जोड देऊन काही वाढीव लाभ झाला नाही.

तिथे लेसर नव्हता, असा आक्षेप येईल. पण साफ करण्यानेच फायदा होत नसेल, तर अधिक नाजूक हत्याराने साफ करून काय साधणार? उलट, लेसरनंतर कूर्चेखालचे हाड मृत झाल्याच्या नोंदी 1990 च्या दशकातच झाल्या आहेत. तुटका तुकडा अडकून गुडघा खरोखर अडला असेल, तर दुर्बीण जरूर वापरावी. ती गोष्ट वेगळी.

मग करावे काय? आधी मांडीचे स्नायू बळकट करा. वजन उतरवा; एक किलो घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. तरुण वयात पाय बाकदार होऊन एकाच बाजूची झीज झाली असेल, तर हाडाचा कोन बदलता येतो. आणि पूर्ण झिजलेला, रात्रीची झोप उडवणारा गुडघा बदलावा. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे पंतप्रधानपदी असतानाच मुंबईत बदलले गेले. 2019 मध्ये मांडलेल्या मोठ्या हिशेबानुसार असे सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने 2017 मध्ये मर्यादाही घातली आहे. लेसरच्या खोट्या आशेवर जमापुंजी घालवलेल्या माणसाकडे मात्र, खरी गरज पडते तेव्हा, तेवढेही पैसे उरलेले नसतात, आणि याचा जाब या जाहिरातदारांना विचारला गेलाच पाहिजे.