मागचा शॉकअप गळू लागला म्हणजे

डेहराडूनला स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे चिरंजीव पंधरा दिवसांनी मोटारसायकलवरून स्पितीच्या खोऱ्यात जाणार आहेत. गाडी खडकाळ वाटांसाठी बनविलेली आहे आणि मुलगाही जपून चालविणारा आहे. परंतु मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यावर तेलाचा ओशटपणा दिसू लागला आहे. ‘थोडेसे पाझरते आहे, निभावून जाईल,’ असे मुलाचे म्हणणे. आणि ‘दुरुस्त केल्यावाचून जायचे नाही,’ असा त्याच्या मातोश्रींचा हट्ट. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे या गृहस्थांनी विचारले आहे.

आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो : मातोश्रींचे ऐकावे. मात्र आईची काळजी हे त्याचे कारण नव्हे. कारण यंत्रात आहे, आणि ते वाचकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

कारखान्यांत ज्याला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतात, त्या भागाची कामे दोन. बाहेरची स्प्रिंग गाडीचा आणि स्वाराचा भार तोलून धरते. परंतु स्प्रिंग दबली की उसळणारच. तिला आवर घालणारे कोणी नसेल तर एका खड्ड्यापाठोपाठ गाडी चेंडूसारखी उड्या मारीत राहील. हा आवर घालण्याचे काम नळकांड्यातले तेल करते. दांड्याच्या टोकावरचा दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेलाला बारीक वाटांतून वाहावे लागते, आणि धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपाने जिरून जातो. जेथे हा दांडा नळकांड्यातून बाहेर येतो, तेथे तेल अडवून धरणारी रबराची कडी असते. तीच ऑइल सील. प्रस्तुत लेखक पेशाने अनुवादक आहे; एका माहितीपत्रकात ‘सील’साठी ‘मोहोर’ असा शब्द त्याने एकदा योजिला होता. एका वृद्ध मिस्त्रीने तो वाचून हसत म्हटले, “साहेब, मोहोर कागदावर बसते, सील तेलावर बसते.” तेव्हापासून आम्ही सीलला सीलच म्हणतो.

पूर्वी मोटारसायकलींना मागे दोन शॉकअप असत. बेल्जियमच्या लुसियें तिल्केन्स यांनी एकाच मोठ्या शॉकअपची रचना सिद्ध केली, यामाहा कंपनीने ती उचलली, आणि 1973 साली हाकान आंदेरसन या स्वीडिश स्वाराने तशा गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळविले. आज खडकाळ वाटांवरच्या बहुतेक गाड्यांना मागे एकच शॉकअप असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तो दुबळा झाला तर भार वाटून घेणारा दुसरा भाऊ शेजारी नाही.

अशा शॉकअपमध्ये तेलाबरोबर नायट्रोजन वायूही दाबून भरलेला असतो. सतत घुसळल्या जाणाऱ्या तेलाला फेस आला तर फेसाचा अटकाव तो कितीसा होणार? तो फेस होऊ नये म्हणून तेल दाबाखाली ठेवावे लागते. तेल आणि वायू यांच्यामध्ये सरकता दट्ट्या किंवा रबरी पिशवी असते. खडकाळ वाटांवरच्या पुष्कळ गाड्यांत हा दाब सुमारे 10 बार, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या चारपाच पट असतो. तेव्हा सीलमागे उभे असलेले तेल सतत बाहेर ढकलले जात असते. आज ओशटपणा आहे, तेथे उद्या धार लागणे अशक्य नाही. शिवाय तेल कमी झाले की मागचे चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि ओघळ ब्रेकच्या तबकडीवर किंवा टायरवर उतरला तर ऐन उतारावर ब्रेक दगा देतो. मनालीकडून काझाला जाणारी वाट ग्रामफू, छत्रू आणि बातलच्या टापूत दगडगोट्यांतून व ओढ्यांतून जाते आणि पुढे सुमारे 4,500 मीटर उंचीची कुंझुम खिंड चढते. तेथे मदतीला कारखाना सापडावयाचा नाही.

आता घरी काय पाहावे ते सांगतो. प्रथम गळती खरी आहे याची खात्री करावी, कारण साखळीला दिलेले तेलही उडून शॉकअपवर बसते. दांडा आणि त्याच्या भोवतालचा भाग फडक्याने कोरडा पुसावा, पंधरावीस किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. दांड्यावर ताजे तेल आले असेल, किंवा सीलपाशी धुळीचे ओले कडे जमले असेल, तर शंका उरत नाही. गाडी उभी असताना मागची बैठक जोराने दाबून सोडावी. ती एकदा वर येऊन स्थिर व्हावयास हवी. दोनतीनदा डोलली तर तेलाचा आवर गेला असे समजावे. मात्र ती डोलली नाही, म्हणजे सर्व ठीक आहे असे समजू नये; गळतीच्या आरंभी ही परीक्षा फसवी ठरते.

सील गळते याचा अर्थ दोष सीलचाच आहे असे नव्हे, आणि आमच्या मते लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट हीच. दांड्यावर वाळलेला चिखल सीलखाली जातो आणि कानशीसारखे काम करतो. उडालेल्या दगडाने दांड्याच्या चकचकीत मुलाम्याला खाच पडते, आणि प्रत्येक धक्क्यागणिक ती खाच सीलचे ओठ कापीत राहते. दांड्यावरून नख आडवे फिरविले असता ते अडकले, तर खाच आहे असे जाणावे. अशा दांड्यावर नवी सील बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पुन्हा पाणी भरणे होय. खाचेची वर आलेली कड अगदी बारीक पॉलिश कागदाने बसविता येते. खाच खोल असेल तर दांडा बदलावा किंवा त्याला नवा मुलामा द्यावा लागतो. दांड्याला आधार देणारे बुश झिजले असेल, तरीही दांडा डुगडुगून सील लवकर जाते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पुढच्या फोर्कची धूळ-सील खाली ओढून, पातळ पट्टीने आतली माती काढण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. तिने गळती कित्येकदा थांबतेही. ती युक्ती मागे चालत नाही. मागची सील वायूच्या दाबाखाली आत जखडलेली असते. तो दाब रीतसर सोडल्यावाचून कोणी आतील कडी काढावयास गेला, तर भाग गोळीसारखे सुटून डोळ्याला वा हाताला इजा करतील. हे काम घरच्या अंगणातले नव्हे.

काम देताना कारखानदाराला चार प्रश्न विचारावेत. दांडा आणि बुश तपासणार काय? सीलबरोबर धूळ-सील, कड्या आणि तेलही नवे घालणार काय? तेलातील हवा पूर्ण काढणार काय? आणि शेवटी हवा न भरता कोरडा नायट्रोजन ठरलेल्या दाबाने भरण्याची सोय त्याच्याकडे आहे काय? साध्या हवेत बाष्प असते, म्हणून हा आग्रह. तेलही पुस्तिकेत सांगितलेलेच हवे. इंजिनचे तेल चालत नाही. काही गाड्यांचे शॉकअप कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. ते उघडता येत नाहीत, तेव्हा नवाच घ्यावा लागतो. काढलेले जुने तेल गटारात ओतू देऊ नये. ते जमा करणाऱ्याच्याच स्वाधीन व्हावे.

दुरुस्तीनंतरची निगा मात्र घरचीच. चिखलातून आल्यावर तो वाळण्यापूर्वी दांडा साध्या पाण्याने धुवावा. जोराच्या पाण्याचा झोत सीलवर रोखू नये. दांड्यावरची रबरी गादी वर सरकविता येत असेल तर तिच्याखालची रेती पुसून काढावी. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे यात घालविली, तर सील पुष्कळ दिवस टिकते. वाटेतच गळती लागली, तर मागे बसणारा आणि सामान उतरवावे, ब्रेकची तबकडी पुसावी आणि सावकाश जवळच्या गावी पोहोचावे.

पत्रलेखक गृहस्थांना आमची विनंती एवढीच की, पंधरा दिवस हाताशी आहेत. मुलाला रागे न भरता त्याला घेऊन कारखान्यात जावे, आणि दांड्यावर नख फिरविण्याचे काम त्यालाच करू द्यावे. खाच स्वतःच्या बोटाला लागली म्हणजे ‘निभावून जाईल’ हा शब्द त्याच्या तोंडी राहणार नाही. मग त्याने खुशाल स्पिती पाहून यावी. घरी मातोश्रींनाही झोप लागेल.