पंधरा दिवसांची नोटीस

वीज वितरण कंपनीच्या उपविभागीय कार्यालयास,

आम्ही वीजग्राहक आहोत. थकबाकीदार नाही. हा फरक आधी नोंदवून घ्या.

रीडिंग घ्यायला कोणी आले नाही. 'घर बंद' असा शेरा मारून सरासरी बिले पाठवली. घरे उघडी होती. माणसे घरात होती. तरीही ती बिले आम्ही भरली.

मग एकदम रीडिंग घेतले. साऱ्या महिन्यांची युनिटे एका बिलात टाकली. दरमहा शंभर युनिटांच्या आत राहणारी घरे तीनशेच्या वरच्या स्लॅबमध्ये गेली. वापर वाढला नव्हता. दर वाढला.

अर्ज दिले. पोच घेतली. स्मरणपत्रे दिली. त्यांचीही पोच आहे.

उत्तर एकच: "आधी भरा, मग बघू." भरले. कोणी बघितले नाही.

ज्यांच्या बिलातली चूक तुम्ही मान्य केली, त्यांनाही परतावा नाही. पुढच्या बिलात वळता करू म्हणालात. पुढची बिले आली. वजावट आली नाही.

वीज कायदा 2003, कलम 62(6). ठरलेल्या दरापेक्षा जादा घेतलेली रक्कम बँक दराने व्याजासह परत करावी लागते. ही मेहरबानी नव्हे. हे देणे आहे.

अधिकारी बदलले, नव्यांना वेळ हवा, म्हणून आम्ही थांबलो. पावसाळ्यात तुमची माणसे भर वाऱ्यात खांबांवर होती, म्हणूनही थांबलो. त्या माणसांबद्दल आमची तक्रार नाही.

पण तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते. तुम्ही वेळ काढता. आमचा हक्क मुदतबाह्य होतो. हा हिशेब आम्हाला कळतो.

म्हणून थांबणे संपले.

वीज तोडण्यापूर्वी कायद्याने तुम्ही आम्हाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते. आम्हीही तेवढीच देत आहोत.

या मुदतीत प्रत्येक वादग्रस्त बिल महिन्यांत विभागून दुरुस्त करा. जादा रक्कम व्याजासह परत करा. उत्तर लेखी द्या. तोंडी आश्वासन घेतले जाणार नाही.

सोळाव्या दिवशी आम्ही एकत्र तुमच्या काउंटरवर येऊ. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांत जी कमी असेल तेवढीच भरू. निषेध नोंदवून भरू. कलम 56 प्रमाणे त्यानंतर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. लाइनमनला तसे आधीच सांगून ठेवा.

त्याच दिवशी प्रत्येक बिलाची स्वतंत्र तक्रार मंचात दाखल होईल. तिथे न्याय न मिळाल्यास विद्युत लोकपालांकडे जाऊ. नियमभंगाचा अर्ज वीज नियामक आयोगाकडे जाईल. कलम 142 खाली दर भंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भंग चालू राहिला तर दिवसाला सहा हजारांपर्यंत आणखी.

अर्ज लिहून झाले आहेत. सह्या झाल्या आहेत.

मुदत आजपासून सुरू आहे.